मंडालिका राजकन्या आणि वद्य पंचमीची पहाट

मोटोजीपीच्या शर्यती बघणाऱ्यांना ‘मंडालिका’ म्हटलं की एक रेसट्रॅक आठवतो. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्राच्या अगदी कडेला, ४.३ किलोमीटर लांबीचा हा ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. पण लोम्बोकच्या माणसाला विचारलं तर तो आधी त्या ट्रॅकशेजारच्या किनाऱ्याबद्दल बोलेल, आणि एका मुलीबद्दल. पुत्री मंडालिका. ‘पुत्री’ हा आपलाच संस्कृत शब्द तिकडे राजकन्येसाठी वापरतात.

ही गोष्ट वरवर सोपी आहे. सुंदर राजकन्या, तिच्यासाठी भांडणारे राजे, आणि शेवटी समुद्र. पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. समुद्रातल्या किड्यांची, चंद्राची आणि पंचांगाची. ती समजून घ्यायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत. ज्याने आयुष्यात एकदा तरी संकष्टीचा उपास केला आहे आणि रात्री गच्चीवर जाऊन चंद्र उगवायची वाट पाहिली आहे, त्याला यातलं निम्मं कोडं आधीच सुटलेलं आहे. कसं ते पुढे सांगतो. आधी गोष्ट.

लोम्बोकच्या दक्षिणेला तोंजांग बेरू नावाचं राज्य होतं. राजाचं नावही तेच सांगतात, आणि राणीचं नाव देवी सेरांतिंग. राज्य लहान, पण लोक सुखी. त्यांना एकच मुलगी झाली. ती वाढली तशी तिच्या रूपाची कीर्ती बेटाबाहेर गेली. तिकडची म्हातारी माणसं गोष्ट सांगताना तिच्या रूपाइतकंच तिच्या स्वभावाबद्दल बोलतात. ती गरिबांत मिसळायची, नम्र होती, तिचं बोलणं गोड होतं. लोकांना ती आपली वाटायची. हा तपशील लक्षात ठेवा, कारण शेवट त्यावरच उभा आहे.

मग मागण्या यायला लागल्या. जोहोर, लिपूर, पाने, कुरिपान, दाहा, बेरू असे एकेका राज्याचे राजपुत्र. प्रत्येकाची मागणी म्हणजे अर्धी विनंती आणि अर्धी धमकी. जोहोरच्या दातू तेरुनाने तर कळवलं की नकार आला तर राज्याची धूळधाण करीन. लिपूरचा मालियावांगही मागे हटेना. काही जणांनी ‘सेंगगेगेर’ वापरले, म्हणजे वशीकरणाचे मंत्र. लोम्बोकमध्ये आजही या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलीचं मन वळेना म्हटल्यावर मंत्राने वळवू, असा विचार.

राजाने निर्णय मुलीवर सोडला. तिने कुणाही एकाला हो म्हटलं की बाकीचे सगळे चालून येणार. कुणालाच हो म्हटलं नाही तरी येणार. आणि लढाई झाली की मरणार कोण? ज्यांच्या दारात ती लहानपणापासून जात होती तीच माणसं.

तिने सगळ्यांना निरोप धाडला. दहाव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी, पहाटे, उजाडण्याआधी सेगेरच्या किनाऱ्यावर या, माझा निर्णय तिथे सांगते. राजपुत्र आपापल्या सैन्यासह आले. प्रजाही आली, बायका, मुलं, म्हातारे, सगळे. राजकन्या पालखीतून आली. रेशमी वस्त्रं नेसून किनाऱ्यावरच्या खडकावर चढली आणि समुद्राला पाठ करून लोकांकडे तोंड केलं. मी कुणा एकाची होणार नाही, मी तुम्हा सगळ्यांची आहे, असं काहीसं ती म्हणाली. ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या दिवशी मी न्याले होऊन येईन, तेव्हा सगळ्यांनी मिळून मला घ्या. आणि मागे वळून तिने लाटेत उडी टाकली.

वारा सुटला, विजा कडाडल्या. राजपुत्र पाण्यात धावले, शोधाशोध केली, ती कुणाला सापडली नाही. थोड्या वेळाने पाण्यावर काहीतरी वळवळताना दिसलं. रंगीबेरंगी, बारीक, लांब. हजारोंनी. ‘न्याले’ म्हणजे हे किडे. तिचेच केस, असं कुणी म्हणतं. तिच्या वस्त्राचे धागे, असंही कुणी म्हणतं.

गोष्ट इथे संपते, पण ती तारीख संपत नाही. दरवर्षी त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर हे किडे खरोखर येतात.

त्या दिवसाला ‘बाउ न्याले’ म्हणतात. ससाक भाषेत ‘बाउ’ म्हणजे पकडणं. ससाक ही लोम्बोकची मूळ जमात. आदल्या संध्याकाळपासून लोक किनाऱ्यावर जमतात. राहुट्या, चुली, गाण्यांच्या जुगलबंद्या. तरुण मुलं-मुली एकमेकांना चारोळीसारख्या ओळी टाकतात आणि समोरच्याने त्याच चालीत उत्तर द्यायचं. वेताची काठी आणि म्हशीच्या कातड्याची ढाल घेऊन खेळायची ‘पेरेसेआन’ नावाची झुंजही होते. मग पहाटे, अजून अंधार असतानाच, सगळे पाण्यात उतरतात. कुणाच्या कपाळावर बॅटरी, कुणाच्या हातात जाळी, कुणाकडे नुसती बादली. गुडघाभर पाणी, पायाखाली खडबडीत प्रवाळ, आणि बॅटरीच्या उजेडात पाणी हलतंय असं वाटतं. वाकून पाहिलं की कळतं, हलतंय ते पाणी नाही. हिरवे, तपकिरी, लालसर, भिजवलेल्या शेवयांसारखे असंख्य धागे वळवळत वर येत असतात. ओंजळीत घेतले तर बोटांच्या फटींतून निसटतात.

उजेड पसरला की हे धागे फुटायला लागतात. पाणी गढूळ, दुधट होतं. सूर्य वर येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. उशिरा पोचलेल्याच्या जाळीत फेसाशिवाय काही येत नाही.

आता यामागचं शास्त्र. शाळेत ॲनेलिडा संघ शिकवताना गांडूळ आणि जळू यांच्या जोडीने नेरीसचं नाव घेतात, आठवतं? न्याले ही त्या नेरीसची समुद्रातली चुलत भावंडं. लोम्बोकच्या पाण्यात वर येणारी सगळी मंडळी एकाच जातीची नसतात, पण त्यातली मुख्य म्हणजे ज्यांना जगभर ‘पालोलो’ म्हणतात ते किडे. ते वर्षभर प्रवाळाच्या भेगांत, बिळात दडून राहतात. एरवी ते कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

विणीचा हंगाम जवळ आला की त्यांच्या शरीरात एक विलक्षण बदल होतो. मागचा अर्धा भाग बदलायला लागतो. त्यातले आतडे वगैरे आक्रसतात आणि ती सगळी जागा मादीत अंड्यांनी, नरात शुक्राणूंनी भरते. त्या भागावर प्रकाश ओळखणारे छोटे ठिपके असतात. मग एका ठरलेल्या रात्री हा मागचा भाग पुढच्या भागापासून तुटतो आणि एकटाच पोहत पृष्ठभागाकडे निघतो. डोकं नाही, तोंड नाही, तरी पोहतो. म्हणजे लोक जे पकडतात तो पूर्ण किडा नसतोच, तो फक्त बीजांनी भरलेला अर्धा भाग असतो. डोक्याकडचा अर्धा भाग खाली बिळातच राहतो आणि त्याला पुढच्या वर्षासाठी पुन्हा शेपूट फुटते. वर गेलेला भाग पृष्ठभागावर फुटतो, अंडी आणि शुक्राणू पाण्यात मिसळतात, आणि तिथेच फलन होतं.

पण सगळे एकाच पहाटे का? हिशेब सरळ आहे. नर-मादीची गाठ पडत नाही, बीजं उघड्या समुद्रात सोडायची आहेत. एकाने सोमवारी सोडली आणि दुसऱ्याने गुरुवारी, तर सगळंच वाया. समुद्र इतका मोठा आहे की वेळ चुकली तर भेट होणं अशक्य. शिवाय सगळे एकदम बाहेर पडले की मासे आणि पक्षी खाऊन खाऊन किती खाणार? त्यांची पोटं भरतात आणि तरीही भरपूर अंडी उरतात. थोडे थोडे रोज आले असते तर एकही वाचला नसता. म्हणून वर्षातली एक-दोन पहाट पक्की ठरलेली.

आता खरा प्रश्न. बिळात अंधारात पडलेल्या, मेंदू म्हणावा तर जेमतेम असलेल्या या जिवाला तारीख कशी कळते?

त्याला तीन घड्याळं एकत्र चालवावी लागतात. ऋतू कोणता, हे पाण्याचं तापमान आणि दिवसाची लांबी यांवरून. महिन्यातली तिथी कोणती, हे चंद्रावरून. आणि रात्रीतली वेळ कोणती, हे सूर्यास्त आणि पहाटेच्या उजेडावरून. यातलं सगळ्यात अवघड आहे मधलं, चंद्राचं. आणि संकष्टी आपल्या कामी येते ती इथे.

पौर्णिमेला सूर्य मावळतो आणि साधारण त्याच सुमारास चंद्र उगवतो, म्हणजे रात्रीत काळोखाची फट नसते. दुसऱ्या दिवसापासून चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. वद्य चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला, सूर्यास्तानंतर काही तास वाट पाहावी लागते. कालनिर्णयात चंद्रोदय नऊ-दहाच्या पुढेमागे छापलेला असतो आणि घरातली उपाशी मंडळी घड्याळाकडे बघत बसतात. ती जी सूर्यास्त ते चंद्रोदय यांच्यामधली काळोखी वेळ आहे, तीच तिथी मोजायची पट्टी आहे. काळोख जितका लांबला तितके दिवस पौर्णिमेला उलटले. किड्याला आकडे येत नाहीत, पण रात्री उजेड कधी होता आणि कधी नव्हता हे त्याला कळतं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. नेपल्सच्या आखातात सापडणारा न्यालेचा एक नातेवाईक, प्लॅटिनेरीस नावाचा किडा, प्रयोगशाळेत पाळता येतो. रात्री मंद कृत्रिम ‘चांदणं’ देऊन त्याच्या विणीचं वेळापत्रक पुढेमागे सरकवता येतं, हे गेल्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. अलीकडे, २०२२ मध्ये, व्हिएन्नातल्या संशोधकांच्या पुढाकाराने त्यातलं एक प्रथिन ओळखलं गेलं, जे सूर्यप्रकाश आणि चांदणं यांत फरक करतं. एकाच प्रथिनाची भरउन्हात एक अवस्था असते आणि कित्येक तासांच्या मंद चांदण्यात दुसरी. न्याले ही वेगळी जात आहे, तिच्यात नेमकं हेच चालत असेल असा दावा मी करणार नाही. पण चांदणं मोजणारं यंत्र तिच्या एका नातेवाइकात आहे, एवढं त्यातून पक्कं होतं.

आणखी एक गोष्ट कोकणातल्या वाचकाला लगेच पटेल. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांग. पंचमीला उधाण ओसरून समुद्र भांगाकडे निघालेला असतो. पाण्याची ओढ कमी होत जाते, त्यामुळे सोडलेली बीजं लगेच दूर वाहून जात नाहीत, एकमेकांना गाठायला त्यांना वेळ मिळतो. पौर्णिमेच्या थेट उधाणात न येता किडे पुढे चार-पाच दिवस थांबतात, त्यामागे हे एक कारण असावं असं मानतात.

आता ती तारीख पुन्हा बघू. दहाव्या महिन्याचा विसावा दिवस. ससाक महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपल्या मराठी महिन्यासारखाच. विसावा दिवस म्हणजे पंधरा दिवस शुद्ध पक्षाचे आणि पाच वद्याचे. वद्य पंचमी. संकष्टीचा दुसरा दिवस!

मी पडताळून पाहिलं. २०२३ साली बाउ न्याले १० आणि ११ फेब्रुवारीला होतं. आपल्याकडे ९ फेब्रुवारीला संकष्टी होती. २०२४ साली ते २९ फेब्रुवारी आणि १ मार्चला होतं. संकष्टी २८ फेब्रुवारीला. २०२५ साली १८ आणि १९ फेब्रुवारी. संकष्टी १६ला, म्हणजे एखाद दिवसाचा फरक. तिन्ही वेळा महिना माघ. ज्या माघ वद्य सप्तमीला शेगावात गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो, तिच्या एक-दोन दिवस आधी लोम्बोकमध्ये लोक गुडघाभर पाण्यात उभे असतात. दोन ठिकाणांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. चंद्र मात्र एकच आहे.

त्या तीन तारखांत एक गंमत आहे. २०२४ची तारीख २०२३पेक्षा एकोणीस दिवस पुढे गेली, २०२५ची मात्र अकरा दिवस मागे आली. हे का? चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येते. असंच चालू राहिलं तर तेहतीसेक वर्षांत सण सगळ्या ऋतूंमधून एक फेरी मारून येईल. ते होऊ नये म्हणून आपण दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, आठवत असेल, त्या वर्षी श्रावण दोनदा आला. म्हणून पुढचा माघ तेरा चांद्रमासांनंतर आला. लोम्बोकच्या वारिगे पंचांगातही तसाच मेळ बसला.

आणि इथे मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो ससाक लोकांच्या शहाणपणाबद्दल. ससाक बहुतांश मुसलमान आहेत. रमजान, ईद सगळं हिजरी पंचांगाने. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असतं, त्यात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात. त्या पंचांगाने न्याले पकडायला गेलं तर दोन-तीन वर्षांत चुकामूक होणार, कारण किड्याला चंद्राबरोबर ऋतूही लागतो. म्हणून त्यांनी शेतीसाठी आणि न्यालेसाठी दुसरं पंचांग जपलं आहे, आणि ते एका तारकापुंजाला बांधलेलं आहे. त्याला ते ‘रोवोत’ म्हणतात. आपण त्याच तारकांना कृत्तिका म्हणतो. वर्षाच्या मध्याच्या सुमारास कृत्तिका सूर्याच्या तेजातून सुटून पहाटे पूर्वेला पुन्हा दिसायला लागतात, तिथून वर्ष मोजायचं. तिथून दहावा चांद्रमास म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्च.

म्हणजे नमाजासाठी एक पंचांग, शेतासाठी दुसरं. दोन्ही एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात. दरवर्षी उत्सवाच्या काही आठवडे आधी जाणते लोक ‘सांगकेप वारिगे’ नावाच्या बैठकीत जमतात. वेगवेगळ्या भागांतून आलेले हे लोक आपापलं गणित मांडतात, झाडं, वारा, पाऊस यांच्या खुणा सांगतात, वाद घालतात आणि मग तारीख जाहीर होते. आता सरकारी पर्यटन खातं त्यात असतं, पण तारीख ठरवायचा मान अजून त्यांच्याकडेच आहे.

पहिली खेप हुकली तर कधी कधी पुढच्या महिन्यातही किडे येतात. पुढच्या महिन्यातला विसावा दिवस म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी. आपली रंगपंचमी.

हे सगळं कळल्यावर राजकन्येच्या गोष्टीकडे परत बघितलं की तिची बांधणी स्पष्ट दिसते. गोष्टीतली माणसं, राज्यं, नावं सांगणाऱ्यागणिक बदलतात. काही ठिकाणी तीन राजपुत्र, काही ठिकाणी सहा. कुरिपान आणि दाहा ही नावं तर जावा बेटावरच्या पांजी नावाच्या राजपुत्राच्या प्रसिद्ध कथांमधून आलेली आहेत. त्यात कुरिपानचा पांजी आणि दाहाची राजकन्या यांची प्रेमकथा आहे. आपल्याकडे कुठल्याही गावची लेणी पांडवांची म्हणतात, तसं लोम्बोकच्या गोष्टीत बाहेरच्या मोठ्या राज्यांची नावं येऊन बसली. पण जे बदलत नाही ते म्हणजे दहावा महिना, विसावा दिवस, उजाडण्याआधीची वेळ आणि सेगेरचा किनारा. बरोबर तेवढाच भाग, जो चुकला तर जाळी रिकामी राहील. माझ्या मते ही गोष्ट टिकली ती राजकन्येच्या रूपामुळे, आणि तिच्याबरोबर ती तिथीही टिकली. नुसती तिथी पोराबाळांना पाठ करायला लावली असती तर दोन पिढ्यांत विसरली गेली असती. जीव देणारी मुलगी कुणी विसरत नाही.

हे फक्त लोम्बोकमध्येच घडलं असं नाही. पूर्वेला सुंबा नावाचं बेट आहे. तिथेही हेच किडे येतात, तिथेही त्यांना न्याले म्हणतात, आणि तिथेही गोष्ट एका सुंदर बाईची आणि तिच्यावरून भांडणाऱ्या पुरुषांची आहे. राबू काबा नावाच्या बाईचा नवरा उंबू दुल्ला समुद्रावर गेला आणि परत आला नाही. तो मेला असं समजून तिने कोडी गावच्या तेदा गायपारोनाशी संसार मांडला. मग नवरा परतला. बाईला मागे जायचं नव्हतं. भांडण रक्तावर जाणार, तेव्हा तोड निघाली की तेदाने वधूमूल्य द्यावं, आणि त्यात न्यालेही असावेत. त्या आठवणीत तिथे ‘पासोला’ होतो. दोन बाजूंचे घोडेस्वार एकमेकांवर लाकडी भाले फेकतात. दिवस किड्यांच्या येण्यावरून ठरतो. पुजारी पहाटे समुद्रातून किडे उचलून निरखतो आणि यंदा पीक कसं येणार ते सांगतो.

दोन बेटं, दोन धर्म, दोन वेगळ्या बायका. पण दोन्हीकडे एका बाईवरून पेटलेलं वैर, आणि ते वैर युद्धापर्यंत जाऊ न देण्यासाठी समुद्रातून आलेली वस्तू. मला वाटतं, हे किडे एकाच पहाटे सगळ्यांसाठी एकदम येतात, त्यांच्यावर कुणाचा हक्क सांगता येत नाही, त्यांना कुंपण घालता येत नाही, यातूनच हा विचार सुचला असावा. वाटून घ्यायची गोष्ट म्हटल्यावर त्या लोकांना न्याले आठवले.

आणि राजकन्येवरून युद्ध होण्याची भीती ही काही कवीकल्पना नव्हती. त्याच द्वीपसमूहात, जावावर, १३५७ साली सुंदा राज्याची राजकन्या द्याह पितालोका मजापहितच्या राजाशी लग्न करायला निघाली होती. बुबातच्या मैदानावर मानापमानावरून कत्तल झाली, तिचे वडील मारले गेले आणि ती स्वतःही गेली. सुंदा आणि जावा या दोन लोकांमध्ये त्याची सल शतकानुशतकं राहिली. मंडालिकेची गोष्ट सांगणाऱ्यांना असं काही नेमकं ठाऊक असेल-नसेल, पण राजे लग्नासाठी सैन्य घेऊन येतात तेव्हा काय होतं हे त्यांना ठाऊक होतं.

आजची वाचणारी मुलगी विचारेल, आणि विचारावंच, की भांडण पुरुषांचं आणि मरायचं तिने का? या प्रश्नाला गोष्टीत उत्तर नाही. लोम्बोकमध्ये तिला त्यागाची मूर्ती मानतात, सेगेरच्या किनाऱ्यावर तिचा पुतळा आहे. राजपुत्र धावत येताहेत आणि ती हातातून निसटते आहे, असं शिल्प. मला त्यात एक तपशील नेहमी जाणवतो. तिने राजपुत्रांना एकटं बोलावलं नाही. तिने प्रजेला बोलावलं. निर्णय राजवाड्यात न सांगता लोकांसमोर सांगितला, आणि वारसा कुणा राजपुत्राला न देता त्यांना दिला.

आज तोच किनारा वेगळ्या कारणाने गाजतो आहे. २०१४ पासून तो विशेष आर्थिक क्षेत्र आहे. हॉटेलं आली, रेसट्रॅक आला, २०२२च्या मार्चमध्ये मोटोजीपी झाली. ट्रॅकसाठी जमिनी घेताना ससाक कुटुंबांना हटवलं गेलं, त्यांना नीट मोबदला मिळाला नाही, अशा तक्रारी झाल्या, आणि २०२१च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी त्यावर जाहीरपणे बोट ठेवलं. सगळ्यांची म्हणून जिने स्वतःला दिलं तिचंच नाव या क्षेत्राच्या फलकावर आहे. मला ते वाचताना त्रास होतो. शर्यतीमुळे तिथल्या पोरांना काम मिळालं, हेही खरं आहे, आणि तेही मला दिसतं.

पकडलेल्या न्यालेचं पुढे काय होतं? काही लोक तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या कच्चे खातात. बाकीचे घरी नेतात. खोबऱ्याचा कीस, मिरची, मसाला घालून केळीच्या पानात बांधायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे, याला पेपेस म्हणतात. पान थोडं करपलं की उघडायचं. चव माशाच्या गाबोळीच्या जवळची, कारण खाणारा खरोखर अंडीच खात असतो. काही किडे भाताच्या शेतात टाकतात. लोम्बोकचा दक्षिण भाग कोरडवाहू आहे, पावसावर शेती. न्याले भरपूर आले तर वर्ष बरं जाणार, असा समज. त्यात तथ्य असो वा नसो, शेतात प्रथिनांनी भरलेलं खत पडतंच.

तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून माघ महिना बघा. पौर्णिमेनंतरची संकष्टी शोधा, त्या दिवशीच्या चंद्रोदयाची वेळ पाहा, मग त्याच्या पुढची वद्य पंचमी. त्या दोन-तीन दिवसांत, आपल्याकडे नुकतीच मध्यरात्र उलटलेली असताना, कारण लोम्बोकचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, सेगेरच्या किनाऱ्यावर कुणीतरी बॅटरी लावून पहिल्यांदा पाण्यात वाकेल.